काचेतला समुद्र : चमचाभर साखरेचा पराक्रम

प्रश्न : काकू, माझा समुद्री टँक तीन फुटी आहे, २०० लिटरचा. चौदा महिने झाले. दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, थोडे झोअँथिड (फुलासारखे उमलणारे-मिटणारे प्रवाळाचे भाऊबंद) आणि एक हॅमर कोरल, म्हणजे प्रवाळ. रविवारपासून पाणी दूध घातल्यासारखं झालंय. दोनदा पन्नास-पन्नास लिटर बदललं. संध्याकाळी जरा निवळतं, सकाळी पुन्हा तेच. मासे सकाळी वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. दुकानदाराने पाणी नितळ करणारी बाटली दिली आहे, ती घालू का? नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठतं ते) ४० होतं म्हणून शुक्रवारी आणि शनिवारी एकेक चमचा साखर घातली होती, पण त्याचा काही संबंध नसावा.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहायला हवं होतंत! हवेचा पंप लावा, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बंद करू नका आणि बाटली उघडू नका, एवढं तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कळवलं होतं. आता बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

साखर घालण्यामागची कल्पना चुकीची नाही. साखरेतला कार्बन खाऊन जिवाणू वाढतात, वाढताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेतात आणि स्किमर त्या जिवाणूंना फेसाबरोबर बाहेर काढतो. काही जण यासाठी वोडका वापरतात. (आमच्याकडे ती बाटली घरात ठेवायला सासूबाईंनी साफ नकार दिला, म्हणून मी व्हिनेगरवाली. व्हिनेगर वोडकाच्या साधारण आठपट लागतं.) गडबड झाली ती मापात. वोडकाची सुरुवात १०० लिटरला दिवसाला ०.१ मिलिलिटर इतकीच करतात, म्हणजे तुमच्या टँकला चारेक थेंब. चहाच्या एका चमच्यात चार ग्रॅम साखर धरली, तरी तिच्यातला कार्बन त्या चार थेंबांच्या पन्नासपट भरतो. आणि तुम्ही ते दोन दिवस लागोपाठ केलंत. जिवाणूंना लग्नाची पंगतच वाढलीत की!

पाणी बदलून भागत नाही ते याचसाठी. चौथा हिस्सा पाणी काढलं, तरी उरलेल्या तीन हिश्श्यांतले जिवाणू रात्रभरात तूट भरून काढतात. खरी भीती दिसण्याची नाहीच. हे सगळे जिवाणू प्राणवायू ओढतात. रात्री दिवे बंद असतात, शेवाळ आणि कोरलमधल्या शैवालाकडूनही प्राणवायू मिळत नाही, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेलेलं असेल तर आणखीच कमी, कारण कोमट पाण्यात तो कमी मावतो. म्हणून मासे सकाळी वर येतात.

पण दरवेळी पांढरं पाणी म्हणजे जिवाणू, असं धरून चालू नका. काचेच्या पेल्यात टँकचं पाणी घ्या, मागे काळं कापड धरा आणि बघा. दोन मिनिटांत वर जाऊन निवळलं तर ते बारीक बुडबुडे, पंप कुठेतरी हवा ओढतोय. तासाभरात तळाशी पूड बसली तर वाळूची धूळ किंवा कॅल्शियमचा साका. दिवसभर ठेवूनही तसंच धुरकट राहिलं तर जिवाणू.

साक्याचा अनुभव मी स्वतः घेतलाय. भाचीच्या लग्नाला निघायच्या घाईत कॅल्शियमचं आणि अल्कलिनिटीचं (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) द्रावण एकाच कोपऱ्यात, एकापाठोपाठ ओतलं. रात्री परतले तर टँकमध्ये बर्फ पडल्यासारखं! हीटरवर गिझरच्या कॉइलवर बसतो तसा खरखरीत पांढरा थर, आणि अल्कलिनिटी ९ वरून थेट ६. हीटर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला तेव्हा कुठे निघाला. तेव्हापासून दोन द्रावणांत मी निदान अर्धा तास जाऊ देते.

बाटलीचं म्हणाल तर तिच्यातलं औषध बारीक कणांचे गोळे करतं, म्हणजे ते फिल्टरच्या कापसात अडकतात. मूळ कारण तसंच राहतं, शिवाय कित्येकदा स्किमरचा फेस बिघडतो. मी घालणार नाही.

तुम्ही साखर बंद करा, दोन दिवस खाणं देऊ नका (मासे उपाशी मरत नाहीत), स्किमर जरा पातळ फेस काढेल असा लावा आणि त्याचा फेस साठणारा कप रोज धुवा. बहुतेक वेळा आठवड्याच्या आत निवळतं. झोअँथिड मिटलेले असतील तर काळजी नको. मात्र गोबी दिसतोय ना, एवढं बघा. तो दगडामागे मरून कुजत असेल तर साखर बंद करूनही पाणी निवळणार नाही. अमोनिया तपासा.

प्रश्न : सुट्टीत मालवणला जातोय. टँकसाठी तिथून थोडं कोरल आणलं तर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. टणक सांगाड्याची प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा खिशात घालू नका. येताना कोकमं आणा.