‘अभ्यास करते, पण बोलत नाही’

जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी लातूरला हॉस्टेलवर राहते. 2024 मध्ये बारावीबरोबरच ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली, 720 पैकी 452 गुण पडले. वर्षभर रिपीट केलं, 2025 मध्ये 418. ते लिहितात, ‘वाढायचे सोडून मार्क कमीच झाले. तिसऱ्यांदा बसवावं का खासगी कॉलेज बघावं? पाच एकरातला एक एकर विकायची तयारी आहे. पोरगी अभ्यास करते, पण आजकाल बोलत नाही. जेवण जात नाही म्हणते. निकालानंतर गावाकडे आलीच नाही, नवीन बॅच सुरू होतेय म्हणाली.’

नमस्कार भाऊ,

पेरणीच्या गडबडीत वेळ काढून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणजे काळजी खरी आहे. म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो.

तुमच्या दोन पानांत क्लासची फी आहे, मेसचा खर्च आहे, साडूचा मुलगा एमबीबीएसला लागला ती सगळी हकिकत आहे. मुलीला काय व्हायचंय, हे मात्र कुठेच नाही. ‘आम्ही ठरवलंय’ एवढंच आहे. त्या ‘आम्ही’त ती आहे का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि ते वाक्य. पाहुण्यांसमोर तिला म्हणालात, ‘जमीन विकीन, पण तुला डॉक्टर करीन.’ तुम्ही अभिमानाने म्हणालात, हे मला मान्य. पण ऐकणाऱ्या पोरीच्या डोक्यावर त्या क्षणी एक एकराचं कर्ज चढलं. आता फिजिक्सचं गणित चुकलं की तिला नुसतं उत्तर चुकल्याचं वाईट वाटत नाही, बापाचं वावर गेल्यासारखं वाटतं. असल्या ओझ्याखाली तीन तासांत 180 प्रश्न सोडवून बघा म्हणजे कळेल.

तुम्ही लिहिलंय, ‘रोज रात्री नऊला फोन करून टेस्टचे मार्क विचारतो, दुर्लक्ष होऊ देत नाही.’ भाऊ, थोडं दुर्लक्ष केलं असतंत तर बरं झालं असतं. दिवसातून एकदा बापाचा आवाज कानावर पडतो आणि तोही आकडा मागायला. मग ती बोलेल काय? जेवण तुटलंय, बोलणं तुटलंय, निकालानंतर घरी यायला नको वाटतंय. याला मी अभ्यासाची गोडी म्हणणार नाही. गावात पाय ठेवला की ‘किती पडले?’ हा प्रश्न स्टँडवरच गाठेल, हे तिला माहीत आहे. खासगी कॉलेजचं नंतर बघू. या आठवड्यात लातूरला जा, तिच्या आईला बरोबर घ्या. मार्कांचा विषय काढू नका. ती रडली तर रडू द्या, ‘एवढ्यात काय रडतेस’ म्हणू नका. झोप उडाली असेल, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं काही तोंडातून निघालं, तर त्याच दिवशी तिला घरी आणा, एकटी ठेवू नका आणि मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. जिल्हा रुग्णालयात सोय असते. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो तुम्हालाही चालतो बरं का. बापानेही फोन करावा.

आता ‘मार्क कमी झाले’ याबद्दल. इथे तुमचा मोठा गैरसमज झालाय आणि त्यापायी पोरीला विनाकारण बोलणी बसली आहेत. 2024 मध्ये सुधारित निकालानंतरही 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 चा पेपर, त्यातही फिजिक्स, इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच 686 पडले. गेल्या साली तुम्हाला सोयाबीन एकरी नऊ क्विंटल झालं, यंदा पावसाने ओढ दिली म्हणून सहा झालं आणि शिवारात बाकीच्यांना चारच झालं, तर तुमची शेती बिघडली असं कोणी म्हणेल का? नीटचे दोन वर्षांचे गुण समोरासमोर ठेवून काही कळत नाही. बघायची ती रँक. ती स्कोअरकार्डवर छापलेली असते आणि तुम्ही नेमकी तीच लिहिली नाहीत. दोन्ही वर्षांची स्कोअरकार्डं काढा. 452 पेक्षा 418 ची रँक वर असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. तसं निघालं, तर ‘वर्ष वाया घालवलंस’ हे शब्द तिच्यासमोर मागे घ्या. फोनवर नको, समोर बसून.

अर्थात रँक सुधारली म्हणजे एमबीबीएसची सरकारी सीट मिळाली असं नाही. 2025 मध्ये साडेबारा लाखांच्या आसपास मुलं ‘पात्र’ ठरली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. तिसऱ्यांदा बसवायचं का, याचं उत्तर मी देणार नाही आणि तुम्हीही देऊ नका. ती स्वतःहून म्हणाली तरच. खासगी कॉलेजसाठी एक एकर विकू नका, तेवढ्याने सगळ्या वर्षांची फी भागतही नाही. परदेशातल्या एमबीबीएसवाला एजंट गावात फिरत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तिकडून आल्यावर इथे जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे कितीतरी जास्त असतात.

बाकी रस्ते तुम्हाला ठाऊक असतील. बीएएमएस आणि बीएचएमएसला हेच गुण चालतात, व्हेटर्नरीलाही हेच चालतात. एमएच-सीईटी दिली असेल तर फार्मसी आणि कृषी, नर्सिंगची सीईटी दिली असेल तर बी.एस्सी. नर्सिंग. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींनी कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला, तर त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी 2024 पासून माफ आहे. हॉस्टेल-मेसचा खर्च त्यात येत नाही. ‘नर्स व्हायला एवढं शिकवलं का?’ असं तुमच्या तोंडावर आलंच असेल, तर ते गिळा. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोनला कोण जागं असतं, ते तुम्ही पाहिलेलं आहे.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर लागत असेल तर ते, आणि डोमिसाइल आजच सेतूत टाका, प्रवेशाच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत. आणि सीईटी सेलचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाचा फॉर्म भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल तिचाच द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. ओटीपी त्याच्याकडे गेला की पसंतिक्रम त्याच्या मर्जीने भरला जातो आणि सीट कुठे लागली हे पोरीला सगळ्यांत शेवटी कळतं.