दगडाची मूठ, दगडाचा निसणा : वाचकांचे प्रश्न

वस्तऱ्याच्या निगेविषयी मागे लिहिले, तेव्हापासून ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक दगडाविषयी आहेत. काहींना दगडाची मूठ करून हवी आहे, काहींना नैसर्गिक निसणा, म्हणजे धार लावण्याचा दगड, हवा आहे, आणि दोन-तीन जणांना एकाच दगडातून दोन्ही गोष्टी साधायच्या आहेत. मुठीचा दगड एकसंध राहावा लागतो, त्याचा कणही सुटता कामा नये. निसण्याच्या दगडाने मात्र आपले कण पोलादावर सारखे चालवावे लागतात. एका कामाला लायक असलेला दगड दुसऱ्या कामाला बहुधा नालायक ठरतो, हे मनात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत.

प्रश्न : ओटा बदलताना कडप्प्याचा हातभर तुकडा उरला आहे. तो आरशासारखा गुळगुळीत आहे. त्यावर वस्तरा परजता येईल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

नाही. गुळगुळीतपणा हा दगडाला केलेल्या पॉलिशचा गुण आहे, आणि धार लागते ती दगडातील कणांच्या कठीणपणामुळे. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. त्याचा मुख्य घटक कॅल्साइट असून खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोह्सच्या मापावर तो ३ भरतो, तर वस्तऱ्याचे पाणी दिलेले पोलाद साडेसहाच्या आसपास असते. म्हणजे येथे पोलादच दगड खरवडेल. खात्री करायची असेल, तर तुकड्याच्या मागच्या, पॉलिश नसलेल्या बाजूवर लिंबाचा थेंब टाकून कान जवळ न्यावा. बारीक सरसर ऐकू येते आणि थोड्या वेळाने तेथे पांढुरका डाग उरतो. शहाबादी फरशीचीही हीच गत आहे.

याच वाचकांनी आपल्या काळ्या पाषाणाविषयीही विचारले आहे. पारसिकच्या डोंगरात आहे तो आणि पाटा-वरवंटा ज्याचा घडवतात तो दगड म्हणजे बेसॉल्ट. तो पुरेसा कठीण आहे, परंतु त्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांचे लहानमोठे स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात, आणि पूर्वीच्या वायूच्या पोकळ्यांत कोठे झिओलाइट, कोठे गारगोटी भरलेली असते. कोयता किंवा विळी या दगडावर घासणे ठीक आहे. वस्तऱ्याची धार मात्र एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असते आणि वाटेत गारगोटीचा एक कण आला तरी तिला खाच पडते. शिवाय हा दगड वापराने गुळगुळीत होत जातो. पाट्याला अधूनमधून टाकी लावून घ्यावी लागते, ती त्यामुळेच.

प्रश्न : मग कोणता नैसर्गिक दगड घ्यावा, आणि त्याचा ग्रिट किती असतो? (ऐरोली)

ग्रिटचा, म्हणजे कणांच्या बारीकपणाचा, आकडा कारखान्यात बनलेल्या दगडांसाठी आहे, कारण तेथे कण चाळून, एका मापाचे घालता येतात. नैसर्गिक दगडात कणांच्या मापाइतकेच त्यांच्या आकाराला आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या मातीला महत्त्व असते. विक्रेता नैसर्गिक दगडावर ‘१२०००’ असा आकडा सांगत असेल, तर तो अंदाजच समजावा.

वस्तऱ्यासाठी मला सर्वांत समजूतदार वाटणारा दगड बेल्जियमचा कोटिक्यूल आहे. आर्देन भागात व्हिएल्साल्मच्या परिसरात निळसर स्लेटच्या थरांमध्ये त्याचे पिवळसर पट्टे सापडतात. हे पट्टे पातळ आणि ठिसूळ असल्यामुळे त्याला बहुधा खाली स्लेटचा आधार असतो. त्यात अभ्रकवर्गी मऊ मातीत स्पेसर्टीन जातीच्या गार्नेट या खनिजाचे काही मायक्रॉनचे कण पसरलेले असतात. हे कण पोलादाइतके किंवा त्याहून कठीण असतात, परंतु बारा तोंडांचे आणि बोथट कोनांचे असल्यामुळे पात्यावर खोल ओरखडे न काढता उथळ घासत जातात. त्याच दगडाचा लहान तुकडा पाण्यासह वर घासला की दुधासारखा कालव तयार होतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून, या कालवात पाते चालवले की काही फेऱ्यांत कालव करडा पडू लागतो. तो करडेपणा पोलादाचा असतो. मात्र सुटे कण सतत धारेवर आदळत असल्याने घट्ट कालवात धार एका मर्यादेपुढे जात नाही. म्हणून बोटाने थेंब-थेंब पाणी घालत कालव पातळ करत जावे आणि शेवटच्या चाळीस-पन्नास फेऱ्या स्वच्छ पाण्यावर, हाताचा भार काढून घ्याव्यात. पाण्याची लाट धारेपुढे न पळता पात्यावर चढू लागली, म्हणजे धार दगडाला सलग टेकली आहे असे समजावे.

अमेरिकेतील आर्कान्सॉचा नोव्हॅक्युलाइट जवळजवळ शुद्ध, अतिसूक्ष्म क्वार्ट्‌झचा असतो. तो सावकाश काम करतो, पण बराच काळ सपाट राहतो. जर्मनीतील थुरिंगियाची स्लेट आणि क्योतोजवळच्या खाणींतील जपानी दगडही नावाजलेले आहेत, परंतु चांगले नमुने आता बहुधा जुन्या साठ्यातून येतात आणि किंमत फार पडते. पहिल्यांदा शिकणाऱ्याने १००० ग्रिटच्या कृत्रिम दगडावर धारेची बैठक, म्हणजे धारेकडे उतरणाऱ्या दोन्ही बाजूंचा उतार, नीट करून घ्यावी आणि नैसर्गिक दगड अखेरच्या टप्प्यासाठी ठेवावा. बैठकच चुकली असेल, तर कोटिक्यूलवर तासभर घालवूनही दाढी ओढतच होईल.

प्रश्न : गुजरातेतील खंबातहून आणलेल्या अकीकाच्या पट्ट्यांची मूठ बसवता येईल का? (खारघर)

येईल, आणि दिसेलही देखणी. अकीक हा गारगोटीच्या जातीचा दगड आपल्याच दख्खनच्या लाव्हाच्या पोकळ्यांत तयार होतो. खंबातचे कारागीर जो लाल अकीक घडवतात, तो राजपीपळ्याजवळच्या रतनपूरचा, भाजून रंग आणलेला दगड असतो. मुघल काळात खंजिरांच्या मुठी अकीक, जेड आणि स्फटिकाच्या घडवत. पण खंजिराची मूठ भरीव असते. वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या, आणि सगळी अडचण तेथेच आहे.

प्रथम वजन पाहू. १४ सेंटिमीटर लांब, सरासरी १६ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर जाड अशा दोन पट्ट्यांचे घनफळ ११ घनसेंटिमीटरच्या आसपास होते. म्हशीच्या शिंगाच्या मुठीचे वजन यात साधारण १५ ग्रॅम, तर अकीकाच्या मुठीचे २९ ग्रॅम भरेल. तोल मागे गेला की पाते गालावर हलके, अस्थिर वाटते. दुसरे असे की, शिंगाच्या पट्ट्या मागच्या टोकाला असलेल्या पाचरीवर किंचित वाकवून बसवतात आणि त्या ताणामुळे पाते मधोमध बंद होते. दगड वाकत नाही, तडकतो. तिसरा प्रश्न खिळ्याचा. वाग्ळे इस्टेटमधील एका परिचिताच्या शेडमध्ये मी स्वतः एक अकीकाची मूठ जोडत होतो. पितळी खिळ्याचे डोके हलक्या हातोडीने पसरवताना तिसऱ्या टोल्याला काचेसारखा बारीक आवाज झाला आणि छिद्रापासून कडेपर्यंत केसासारखी रेघ गेली. पट्टी दोन दिवस पाण्यात घासून तयार केली होती.

तेव्हापासून मी दगडाची मूठ एकच पद्धतीने सुचवतो : आत पितळेचा किंवा मायकार्टाचा (राळेत दाबलेल्या कापडाचा किंवा कागदाचा) पाऊण-एक मिलिमीटर पत्रा, त्यावर दीड मिलिमीटरचा दगड इपॉक्सीने चिकटवलेला, आणि खिळ्याऐवजी बारीक स्क्रू व वॉशर. दगडातील छिद्र खिळ्यापेक्षा मोठे ठेवावे, म्हणजे ताण पत्र्यावर येतो. पाचरीजवळची वक्रता हवी असल्यास दगड तेथपर्यंत नेऊच नये. वजनासाठी मायकार्टाच बरा.

प्रश्न : पट्ट्या घरीच बाल्कनीत ग्राइंडरने कापल्या तर चालेल का? (कोपरखैरणे)

कृपा करून असे करू नका. अकीक, नोव्हॅक्युलाइट आणि ग्रॅनाइट यांची कोरडी धूळ म्हणजे स्फटिकी सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात, तेथे जखमा धरतात आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. खंबातच्या अकीक कामगारांमध्ये, आणि त्यांच्या घरांतील माणसांमध्येही, हा आजार वर्षानुवर्षे आढळत आला आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या सूचिपात्र, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या, रोगांत त्याचा समावेश होता. बाल्कनीतील धूळ शेजाऱ्यांच्या खिडकीतही जाते. दगड कापणे, भोक पाडणे आणि घासणे ही तिन्ही कामे पाणी सोडून, डायमंडच्या पात्यावरच व्हावीत, सोबत एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क असावा, आणि राहिलेला चिखल सुकण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. याहून चांगले म्हणजे, पट्ट्या कापून घेण्याचे काम पाण्यावर चालणारी यंत्रे असलेल्या कारागिराकडे सोपवावे.

प्रश्न : आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ हस्तिदंती वाटते. ती काढून दगडाची बसवू का? (नौपाडा, ठाणे)

आधी ती कशाची आहे ते पाहावे. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकमध्ये ती नसते. सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लयुक्त वाफ निघते आणि जवळच्या पात्यावर, विशेषतः मुठीत झाकलेल्या भागावर, गंज चढतो. अशी मूठ मात्र लगेच काढावी. मूठ खरोखर हस्तिदंताची असेल, तर तिची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे. ती बाळगण्यासंबंधी वनविभागाकडे विचारणा करावी. ती तडकलेली नसेल, तर मी तिला हात लावणार नाही.

प्रश्न : पावसाळ्यात दगड आणि वस्तरा कसा ठेवावा? (बेलापूर)

दगड धुऊन, सावलीत पूर्ण सुकवून मगच डब्यात ठेवावा; ओला कोटिक्यूल बंद ठेवल्यास आधाराच्या स्लेटजवळचा डिंक सुटू शकतो. त्यावर तेल घालू नये, पाणीच पुरते. दोन-तीन महिन्यांनी दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि जाड काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर ओला घासावा. सगळ्या रेघा एकाच वेळी गेल्या, तर दगड सपाट आहे. पाते पुसून, चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा फेऱ्या देऊन, शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवावा. दगडाच्या मुठीत पत्रा आणि दगड यांमधील फटीत पाणी थांबते, म्हणून वस्तरा अर्धा उघडून पंख्याखाली ठेवावा आणि जून ते सप्टेंबर तरी तो बाथरूमच्या कपाटात राहू देऊ नये.