पोस्टरसमोर कोणी थांबतच नाही

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. गेल्या वर्षी ‘आविष्कार’ या संशोधन प्रकल्पांच्या स्पर्धेच्या महाविद्यालयीन फेरीत मी प्रकल्पाचा सगळा तपशील पोस्टरवर मांडला होता, तरीही परीक्षक दोन मिनिटांत पुढे गेले. यंदा काय बदलावे?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आपली अडचण ‘सगळा’ या शब्दातच आहे. पोस्टर म्हणजे भिंतीवर चिकटवलेला प्रबंध नव्हे. चार-पाच फुटांवरून चालत जाणाऱ्या माणसाला थांबवणे हे त्याचे पहिले काम. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकेतील संशोधक विद्यार्थ्याने मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत मधोमध लिहावा, असा आराखडा सुचवला आणि तो बराच गाजला. मात्र त्याची हुबेहूब नक्कल करू नये, असे माझे मत आहे, कारण स्पर्धेतील परीक्षक कार्यपद्धतीही तपासतात. शीर्षकातच निष्कर्ष सांगावा, प्रस्तावना तीन-चार ओळींत आटोपावी आणि वाचलेली जागा एखाद्या बोलक्या आलेखाला द्यावी. त्यात लाल-हिरव्या रंगांची जोडी टाळावी. काहींना त्यांतला फरक दिसत नाही.

माप नियमपत्रकातूनच घ्यावे. ए-शून्य आकाराच्या (८४१ × ११८९ मिमी) कागदावर मजकूर २४ पॉइंटहून लहान नसावा. मजकूर मराठीत असल्यास युनिकोड फॉन्ट वापरून, फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफच छपाईला द्यावी. अन्यथा दुकानातील संगणकावर जोडाक्षरे फुटतात आणि ते नेमके आदल्या रात्री लक्षात येते.