बाजूचे सिनियर दिवसभर स्पीकरवर बोलतात आणि एसीवरून रोज वाद होतात, एचआरकडे तक्रार करू का?

एवढ्यात नको. मी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोलीला कामाला येते, आमच्या फ्लोअरवरही अगदी हेच दोन विषय पेटायचे.

एसीचं आधी सांगते कारण त्यात कुणाचीच चूक नसते. सेंट्रल एसीचा थर्मोस्टॅट भिंतीवर एका जागी असतो आणि तो फक्त आपल्या आसपासची हवा मोजतो. म्हणजे त्यावर २४ दिसतंय पण पश्चिमेच्या काचेला बसलेला दुपारी चार वाजता घामाघूम आणि हवा सोडणाऱ्या डक्टखाली बसलेली शाल गुंडाळून, दोघंही खरंच बोलतायत. आमच्याकडे यावरून दोघांनी एकत्र डबा खाणं सोडलं होतं हो, इतकं वाईट वाटायचं बघून. शेवटी फॅसिलिटीचे, म्हणजे ऑफिसची देखभाल बघणारे, काका शिडी घेऊन आले, ग्रिलच्या पट्ट्या फिरवून हवा पॅसेजकडे वळवली, काचेचे ब्लाइंड्स खाली सोडले, झालं. त्यामुळे फॅसिलिटीकडे तक्रारीचं तिकीट टाका, त्यात डेस्क नंबर आणि वेळ लिहा, कुणाचं नाव नको.

स्पीकरचं मात्र त्यांच्याशीच बोला. ग्रुपवर 'कृपया शांतता राखा' असलं काही टाकू नका, कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळतं आणि मोठ्या माणसाला चारचौघांत ते फार लागतं. चहाला उठतील तेव्हा गाठा आणि सरळ सांगा, "सर, माझ्या कॉलवर क्लायंटला तुमचं बोलणं ऐकू जातं, हेडफोन लावाल का प्लीज?" आमच्या सरांना असंच विचारलं तेव्हा कळलं की त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं!! आता मोठा कॉल असला की ते स्वतःहून मीटिंग रूम बुक करतात.

मायक्रोवेव्हमधला सुकटीचा वास, गायब होणारे चमचे वगैरे सोडून द्या, त्यात जीव घालवू नका.

पण कुणी अंगाला हात लावतंय, घाणेरडं बोलतंय, तर तिथे हे चहावर गोडीत बोलणं अजिबात नाही. कामाच्या जागी बायकांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, बाईमाणसाने तिथे लेखी तक्रार घटनेपासून साधारण ३ महिन्यांच्या आत द्यायची. समितीच्या सदस्यांची नावं ऑफिसात लावलेली असायला हवीत, नसतील तर एचआरकडे मागून घ्या.