आस्था आहे, पण खरेदीत का उतरत नाही?

प्रश्न : आमच्या घरात पर्यावरणाविषयी सर्वांनाच मनापासून आस्था आहे. ओला-सुका कचरा आम्ही रोज न चुकता वेगळा करतो. तरीही गेल्या महिन्यात कमी वीज लागणारा पंखा महाग वाटला म्हणून साधाच घेतला आणि मंडईत जाताना कापडी पिशवी निम्म्या वेळा घरीच राहते. आमची आस्था वरवरची आहे, असे समजावे का?
— एक वाचिका, कोथरूड

उत्तर : तसे मुळीच समजू नका. समाजमानसशास्त्रज्ञ आइसेक एझन यांनी १९९१ साली सविस्तर मांडलेल्या नियोजित वर्तनाच्या सिद्धान्तानुसार कृतीआधी मनात हेतू तयार होतो आणि तो तीन गोष्टींवर अवलंबून असतो : त्या विशिष्ट कृतीविषयीचे आपले मत, आपल्या माणसांची अपेक्षा आणि ती कृती आपल्याला जमेल हा विश्वास. ‘पर्यावरण जपले पाहिजे’ हे मत फार व्यापक आहे. दुकानात मात्र ‘या पंख्यासाठी आज जास्त पैसे मोजावेत का’ एवढाच प्रश्न समोर असतो.

कचऱ्याच्या बाबतीत तुम्हाला हे साधते, कारण कचरा न्यायला येणाऱ्या ताई रोज दारात उभ्या असतात, वेगळ्या बादल्या ठरलेल्या असतात आणि शेजारीही तेच करतात. पंखा घेताना यांपैकी काहीच सोबतीला नसते. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर कमी वीज लागणारा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट. रोज बारा तास आणि वर्षातून दहा महिने वापर धरला, तर एका पंख्यामागे साधारण १६० युनिट वाचतात. पण जादा किंमत एकदम डोळ्यांत भरते, बचत मात्र दरमहा बिलात थोडी थोडी मुरते. म्हणून पुढच्या वेळी विजेचे बिल सोबत न्यावे आणि जादा किंमत किती महिन्यांत वसूल होईल, याचा हिशेब दुकानातच करावा.

अविश्वास हाही एक अडसर आहे आणि तो मला रास्त वाटतो. वेष्टनावर हिरवे पान छापले म्हणजे वस्तू पर्यावरणपूरक ठरत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे दावे करणाऱ्याने त्यांना पुराव्याचा आधार दिला पाहिजे, तेव्हा ‘कशावरून?’ असे विक्रेत्याला विचारताना संकोच करू नये. पंख्यासारख्या उपकरणांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन असते, ते आधी पाहावे.

पिशवीचे कारण याहून साधे आहे. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी असल्याचे आपण सारे जाणतो, तरीही पिशवी विसरते ती मत कच्चे असल्यामुळे नव्हे, तर सवय जडलेली नसल्यामुळे. गाडीच्या किल्लीच्याच खुंटीला ती अडकवून ठेवा आणि आणखी एक पिशवी घडी घालून डिकीत असू द्या.