निर्णय कुठे झाला, ते आधी शोध

सोलापूर,
मार्गशीर्ष

चि. पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायची की स्पर्धा परीक्षेला बसायचं, हा घरात पेटलेला प्रश्न तू शेवटच्या दोन ओळींत उरकलास आणि त्याआधीची सगळी पानं आशिया खंडावर लिहिलीस. तुझा कल त्यातच कळला. हिमनद्या, दिल्लीची हवा, खचत चाललेलं जकार्ता, सगळं वाचलं. पण शेवटी तू लिहिलंयस, "एवढ्या मोठ्या खंडापुढे आपण काय करणार, मग शिकून तरी काय उपयोग?" हे पत्र त्या वाक्यासाठी.

आकडे तू बरोबर दिलेस. आशिया जगाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट वेगानं तापतोय, असं जागतिक हवामान संघटनाच सांगते. हिंदुकुश-हिमालयावरचा २०१९ चा अहवाल म्हणतो, तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी शतक संपेपर्यंत तिथल्या हिमनद्यांचा एक तृतीयांश भाग जाईल. उत्सर्जन असंच चालू राहिलं तर दोन तृतीयांश. यातलं काहीही सौम्य करून तुला सांगायची माझी इच्छा नाही. पण असे आकडे एकापाठोपाठ एक वाचत गेलं की हे सगळं आपोआप घडतंय असं वाटायला लागतं, आणि तू तिथेच अडकलीयस. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. नकाशावरचा एखादा निळा ठिपका आटला किंवा हिरवा पट्टा विटला, की त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा कुणाचा तरी निर्णय सापडतो. त्याला तारीख असते, कागद असतो, सही असते. तो कागद शोधायला शिक.

अरल समुद्राचं उदाहरण तुला माहीत आहे, पण ते नीट बघ. मध्य आशियातलं, एकेकाळी जगात चौथ्या क्रमांकाचं सरोवर. १९६० च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं गेलं. मॉस्कोत कापसाचं उद्दिष्ट ठरलं, त्याप्रमाणे कालवे खणले गेले आणि मुयनाकच्या बंदरातली जहाजं वाळूत रुतून बसली. तळाचं मीठ आणि शेतातली औषधं वाऱ्यावर उडून लोकांच्या छातीत गेली. चादरी-टॉवेलच्या गावात वाढलेल्या मुलीनं कापसाची ही बाजू माहीत करून घ्यावी. पुढचा भाग लोक सहसा सांगत नाहीत. २००५ मध्ये कझाकिस्ताननं जागतिक बँकेच्या मदतीनं कोक-अरल धरण बांधलं आणि सिर दर्याचं पाणी उत्तरेकडच्या छोट्या तुकड्यात अडवलं. तिथे पाणी चढलं, खारटपणा उतरला, मासेमारी पुन्हा सुरू झाली. दक्षिणेचा मोठा भाग मात्र वाळवंटच राहिला.

गिधाडांचंही तसंच. लहानपणी मी गावाबाहेर मेलेल्या बैलाभोवती गिधाडं बघितलीत. तू एकही बघितलं नसशील. १९९० च्या दशकात ती भारतीय उपखंडातून ९५ टक्क्यांहून जास्त नाहीशी झाली. कारण शोधायला काही वर्षं गेली. जनावरांना दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळनं जनावरांसाठी ते बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच होत्या, म्हणून २०१५ मध्ये भारतानं त्या मोठ्या कुप्यांवरही बंदी घातली. कुपी केवढी असावी यावर एका पक्ष्याचं भवितव्य ठरतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी लवकर सावरत नाही. पण बंदीच आली नसती तर सावरायला मागे कुणी उरलंच नसतं.

आता आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजकडे येते.

थंडीत दिवस मावळायच्या सुमारास माळावर उभं राहिलं की भोवत्ये, म्हणजे हॅरियर नावाचे शिकारी पक्षी, येताना दिसतात. गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीनं, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून तरंगत येतात, दोन-तीन घिरट्या घेतात आणि एकेक करून कुसळीत उतरतात. रात्र जमिनीवरच काढतात. दिवसभर नाकतोडे खातात, म्हणजे शेतकऱ्याचंच काम करतात. हे पक्षी येतात कझाकिस्तानच्या आणि रशियाच्या गवताळ मैदानांतून; पाठीवर उपग्रह-यंत्र बसवून त्यांची वाट शोधली गेली आहे. तिथे त्यांची घरटी, इथे त्यांचा हिवाळा. दोन्हीकडे उघडं गवत हवं. खंड एकमेकाशी कुठे जोडलाय, हे बघायला तुला विमानाचं तिकीट लागत नाही. नान्नजची एसटी पुरते.

त्याच कझाक गवतावर सैगा नावाचं फुगीर नाकाचं कुरंग राहतं. सोव्हिएत राजवट कोसळल्यावर शिंगांसाठी त्याची एवढी कत्तल झाली की या शतकाच्या सुरुवातीला ते ५० हजारांच्या आसपास उरलं. पुढे सरकार आणि संस्थांनी मिळून शिकारीला आळा घातला, राखीव क्षेत्रं केली, गस्त वाढवली. २०१५ मध्ये साथ आली आणि काही आठवड्यांत २ लाखांहून जास्त सैगा मेले. काम थांबलं नाही. २०२३ ची गणना १९ लाखांच्या घरात गेली आणि त्याच वर्षी जागतिक यादीत सैगाची श्रेणी सुधारली. आता पिकं तुडवली म्हणून तिथले शेतकरी तक्रार करतात आणि तीही खोटी नाही.

आणि आपला माळढोक? १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, शेतं, रस्ते, सगळं त्या रेघेच्या आत. ज्यांची जमीन आत गेली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जमिनीचा व्यवहार, बांधकाम, जिथे तिथे अभयारण्य आडवं यायला लागलं आणि एका लाजाळू पक्ष्याबद्दल माणसांच्या मनात राग साठला. नंतर क्षेत्र कमी होऊन सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर पक्षी जवळजवळ संपले होते. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. हेतू चांगला असलेला निर्णयसुद्धा माणसांना वगळून घेतला तर काय होतं, हे शिकायला तुला दुसरीकडे जावं लागणार नाही.

माळाचा आणखी एक घात होतो तो झाडं लावून. उघडा माळ बघवत नाही म्हणून पावसाळा आला की खड्डे खणले जातात, गिरिपुष्प लावलं जातं, फोटो निघतात. काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक यांना दूरवर नजर जाईल असं मोकळं रान लागतं. पवन्या, मारवेल ही गवतं मेंढ्यांना लागतात, आणि मेंढ्या शेतात बसल्या की शेताला खत मिळतं. वृक्षारोपणाला बोलावलं तर जरूर जा, पण जागा आधी बघ. माळ असेल तर तिथेच स्पष्ट बोल. लोक नाराज होतील, होऊ देत.

राजस्थानात उरलेल्या माळढोकांचा पेच याहून अवघड आहे. सगळे मिळून दीडशेच्या आसपास. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांवर आदळून मरतो. तारा जमिनीखालून न्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये तो आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला, कारण त्याच वाळवंटातून देशाची सौरऊर्जा यायची आहे. कोळसा कमी करायचा तर सौरऊर्जा हवीच. आपल्या फताटेवाडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची धुराडी तू रोज बघतेस. तुझ्या पिढीसमोर असेच प्रश्न येणार आहेत, जिथे दोन्ही बाजूंना पर्यावरण आहे. तेव्हा घोषणा उपयोगी पडत नाहीत. तार कुठून न्यायची, किती किलोमीटर, खर्च कुणाचा, हे ज्याला कळतं त्याचं ऐकलं जातं. तू ते कळणारी हो.

शेवटी उजनी. धरणात ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेली, म्हणजे मृत साठ्यातलंही पाणी उपसलं गेलं. तळ उघडा पडला तशी लोकांनी नेहमीप्रमाणे गाळपेर केली, आणि इकडे शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. लगेच सगळे ऊसवाल्यांना शिव्या देतात. तू देऊ नकोस. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कौतुक मिळालं, पण उसासारखा हमखास उठाव मिळाला नाही. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला किमान भाव, कारखाना जवळ, तोड कारखान्याची, कर्ज सहज. अशा वेळी शेतकरी ऊस लावतो ते अगदी शहाणपणाचं करतो. खरा निर्णय दिल्लीत भाव ठरतो तिथे होतो, आणि आपल्याकडे कालवा सल्लागार समितीत आवर्तनं, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरतात तिथे. अरलच्या कापसाशी याचं नातं तुझं तुलाच दिसेल.

म्हणून शिक्षणाबद्दल माझं मत असं: एम.एस्सी. कर, पण संख्याशास्त्र टाळू नकोस आणि जमीन महसुलाचे कायदे बाहेरून वाच. उद्या परीक्षा देऊन अधिकारी झालीस तरी हेच कामाला येईल. सातबारा वाचता आला पाहिजे. राजपत्रातली अधिसूचना वाचता आली पाहिजे. धनगरांच्या वाड्यावर जाऊन बस. कुठलं गवत कुठल्या वर्षी कमी झालं हे त्यांच्याइतकं कुणाला सांगता येत नाही. घरात सांग की नोकरीची काळजी रास्त आहे, पण पाणी, जमीन आणि वीज यांचे हिशेब कळणाऱ्या माणसांना या देशात पुढची पन्नास वर्षं काम कमी पडणार नाही. वडील ऐकत नसतील तर मला फोन लावून दे.

आणि सुट्टीची वाट न बघता एक काम आत्ताच कर. कालवा सल्लागार समितीच्या गेल्या पाच वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात माग. साध्या कागदावर अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जलसंपदा विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. टोलवाटोलवी झाली तर पहिलं अपील कसं लिहायचं ते मी सांगते. कागद हातात आले की पिण्यासाठी किती सोडलं, शेतीला किती, आणि कुठल्या महिन्यात, एवढे तीनच रकाने पाड आणि मला पाठव.

तुझी,
बाई