वाचकांचे प्रश्न : डिपस्टिकवर वाढणारे तेल आणि जाहिरातीतले पाच तारे

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी आहे. 2021 मध्ये बीएस-6 (धुरासाठीच्या कडक नियमांची) डिझेल गाडी घेतली. घर ते वावर, वावर ते दारव्हा, एवढाच तिचा फेरा. गेल्या वर्षापासून डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या काडीवर) ऑइल कमी होण्याऐवजी वाढत होते. दोनदा सर्व्हिस सेंटरला दाखवले, तेव्हा ‘काही होत नाही’ असे सांगितले. या उन्हाळ्यात तूर विकून परत येताना इंजिन सीज (जाम) झाले. आता ते म्हणतात की चालवण्यात चूक झाली आणि वॉरंटीही संपली. गावचा मिस्त्री म्हणतो की हा कंपनीचाच दोष आहे. खरे कोणाचे? आणि जाहिरातीत गाडीच्या सुरक्षेचे म्हणून जे पाच तारे दाखवतात, त्यांवर तरी विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ऑइल आपोआप वाढत नाही, वाढले, तर त्यात दुसरे काहीतरी मिसळले आहे, आणि आपल्या गाडीत ते बहुधा डिझेल असावे. बीएस-6 डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते, जिला मेकॅनिक डीपीएफ म्हणतात. ती भरली की इंजिन नेहमीपेक्षा उशिरा थोडे जादा डिझेल फवारते, त्यामुळे धूर तापून गाळणीचे तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत चढते आणि काजळी जळून जाते. गाडी काही वेळ सलग वेगात चालली, तरच हे काम पुरे होते. आठ-दहा किलोमीटरवर इंजिन बंद झाले की ते अर्धवट राहते, पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होते, आणि दर वेळी न जळलेले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलमध्ये उतरते. पातळी वाढते, ऑइल पातळ होते, आणि पातळ ऑइल क्रँकशाफ्टच्या (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगला पुरेसा आधार देऊ शकत नाही. मग बेअरिंग झिजते आणि इंजिन सीज होते.

तेव्हा सर्व्हिस सेंटरचे म्हणणे अर्धे खरे आहे. अशा गाडीला अधूनमधून लांब धाव द्यावी लागते, आणि गाळणीचा दिवा लागल्यावर काय करायचे हे गाडीच्या पुस्तिकेत सहसा लिहिलेले असते. परंतु घर, वावर आणि बाजार एवढाच जिचा फेरा, ती गाडी विकताना ही अट तोंडी न सांगणे, आणि मालकाने वाढलेले ऑइल दाखवल्यावर ते न बदलता त्याला परत पाठवणे, ही आपली चूक खासच नाही.

राहिले मिस्त्रीचे म्हणणे. यंत्रात दोष निघणे हा गुन्हा नव्हे. तो माहीत असून दडवणे ही वेगळी गोष्ट आहे. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत चावीचा स्विच इतका सैल होता की जुडग्याच्या वजनाने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने चावी मागे फिरे, चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि ऐन धडकेत एअरबॅग उघडत नसे. (मोटरपंपाच्या खोलीपासून गोदामापर्यंतच्या सगळ्या किल्ल्या गाडीच्या चावीला अडकवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.) 2006 मध्ये हा भाग सुधारला गेला, पण त्याचा क्रमांक तोच ठेवला, त्यामुळे बदल झाल्याचे बाहेर कळलेच नाही. सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या 2014 मध्ये, आणि भरपाईच्या योजनेत 124 मृत्यू मान्य झाले.

ताऱ्यांविषयी सांगायचे, तर चाचणी कशी होणार हे गाडी बनवणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि लबाडी तिथूनच शिरते. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर आपण चाचणीच्या रोलरवर आहोत हे ओळखून तेवढ्यापुरता धूर साफ ठेवत असे. 2015 मध्ये ते उघडकीस आले. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या त्यात होत्या, आणि भारतातही तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. जपानच्या दाइहात्सु कंपनीने तर बाजूच्या धडकेच्या चाचणीसाठी दाराच्या आतल्या अस्तराला गुपचूप खाच पाडली होती, जी ग्राहकाला विकलेल्या गाडीत नव्हती. काही चाचण्यांत एअरबॅग सेन्सरने नव्हे, तर टायमर लावून उघडल्या गेल्या. डिसेंबर 2023 च्या चौकशी अहवालात 64 मॉडेलांत असे 174 गैरप्रकार नोंदले गेले, आणि त्यांतला सर्वांत जुना 1989 चा होता.

म्हणून तारे निरर्थक ठरत नाहीत. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे तारे देणाऱ्या आपल्याकडच्या धडक-चाचणीत, गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने समोरच्या अडथळ्यावर आदळवतात, बाजूची धडक वेगळी तपासतात, आणि शून्य व पाच ताऱ्यांतला फरक जीव वाचवणारा असू शकतो. मात्र ही चाचणी ऐच्छिक आहे, आणि तीत पुतळे पट्टा बांधून नेमून दिलेल्या जागी बसतात. मागच्या सीटवर पाच जण आणि टपावर सरकीची पोती असलेल्या गाडीला ते तारे लागू होत नाहीत. इंजिनाच्या टिकाऊपणाशी तर त्यांचा काहीच संबंध नाही.

आता आपल्या गाडीचे. इंजिन उघडले जाईल तेव्हा स्वतः हजर राहा. आतले ऑइल ओतून देऊ नका. दोन साक्षीदारांसमोर ते स्वच्छ बाटलीत भरून मोहोरबंद करा. झिजलेल्या बेअरिंगही मागून घ्या, कारण एकदा त्या भंगारात गेल्या की सिद्ध करायला काही उरत नाही. आधीच्या दोन्ही खेपांची जॉबकार्डे (सर्व्हिस सेंटरने तक्रार व काम लिहून दिलेले कागद) शोधा. त्यांत ऑइल वाढल्याची नोंद असेल, तर वॉरंटी संपल्याची सबब बरीच लंगडी पडते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे यवतमाळलाच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. शिवाय सात वर्षांच्या आतल्या गाडीच्या सुरक्षेसंबंधी दोषाची तक्रार केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदवा. आपल्या एकट्याच्या तक्रारीने तिथे फारसे हलणार नाही, पण त्याच मॉडेलच्या गाड्या दारव्हा, दिग्रस, पुसद भागात आणखी असतील. त्यांच्या मालकांना आजच डिपस्टिक पाहायला सांगा.